धोक्याचा भोंगा आणि परिसराची सुरक्षितता

महाराष्ट्राच्या औद्योगिक जीवनाशी भोंग्याचे नाते फार जुने आहे. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची धुरांडी उभी राहिली. घरोघरी घड्याळ नसलेल्या त्या काळात गिरणीचा भोंगा हेच कामगार वस्तीचे घड्याळ होते. पहिल्या भोंग्याला चूल पेटे, दुसऱ्याला माणूस घराबाहेर पडे. पुढे साखर कारखान्यांबरोबर हाच भोंगा ग्रामीण भागातही पोहोचला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने तर २०२२ साली त्याला नवे काम दिले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरातील दूरचित्रवाणी व मोबाईल काही काळ बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासास बसायचे, असा निर्णय गावाने घेतला.

या सर्व भोंग्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचा अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतो. रासायनिक कारखान्याच्या कुंपणाआत बसविलेल्या धोक्याच्या भोंग्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. तो वाजला तर कारखान्यातील माणसाने कोणत्या दिशेस जावे, शेजारच्या वाडीतील गृहिणीने दार उघडावे की लावावे, शाळेतील शिक्षकाने मुलांना घरी सोडावे की वर्गातच बसवून ठेवावे, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील तर भोंगा केवळ गोंधळ वाढवितो. म्हणूनच कारखान्यातील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आणि तिला जोडून असणारी ध्वनिक्षेपण यंत्रणा हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही. तो अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे.

भोपाळचा धडा

या विषयाची चर्चा भोपाळच्या दुर्घटनेपासूनच सुरू करावी लागते. २ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. तत्काळ मृत्यू पावलेल्यांची शासकीय संख्या २,२५९ इतकी नोंदविण्यात आली. पुढील काळात ही संख्या कितीतरी वाढली आणि लाखो लोकांच्या प्रकृतीवर कायमचे परिणाम झाले.

त्या रात्री कारखान्यात भोंगा नव्हता असे नाही. तेथे आतील कामगारांसाठी एक आणि बाहेरील वस्तीसाठी एक, अशी व्यवस्था होती. तथापि हे दोन भोंगे एकमेकांपासून अलग करण्यात आले होते. लहानसहान गळतीच्या वेळी बाहेरील लोक विनाकारण घाबरू नयेत, हा त्यामागील हेतू होता. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास बाहेरील भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. आतील सूचना मात्र चालूच राहिली. कामगार वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडले. झोपलेल्या वस्तीला मात्र काय घडते आहे याची कल्पना आली ती डोळ्यांची आग होऊ लागल्यावर आणि श्वास कोंडल्यावर. अनेकजण घराबाहेर पडून वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने धावले. पोलिसांनी कारखान्याकडे चौकशी केली असता प्रारंभी सर्व काही ठीक असल्याचे सांगण्यात आले. बाहेरील भोंगा पुन्हा वाजविण्यात आला तोपर्यंत बहुतेक वायू वस्तीवर पसरून गेला होता.

भोपाळच्या दुर्घटनेस कारणे अनेक होती. बंद ठेवलेली शीतकरण यंत्रणा, अपुरी निगा, कमी केलेले कर्मचारी यांचा त्यांत समावेश होतो. परंतु प्राणहानी इतकी मोठी होण्यामागे सूचना वेळेवर व समजेल अशा रीतीने न मिळणे हेही एक कारण होते, याविषयी दुमत नाही.

आठ मिनिटांचा अवकाश

सूचनेचे मोल किती, हे साध्या हिशेबाने समजते. हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे एक किलोमीटर अंतरावर भोंगा तीन सेकंदांत ऐकू जातो. गळती झालेला वायू मात्र वाऱ्याच्या वेगाने पुढे सरकतो. रात्रीचा मंद वारा दर सेकंदास दोन मीटर या वेगाने वाहत असेल, तर एक किलोमीटर अंतर कापण्यास त्याला सुमारे आठ मिनिटे लागतात.

हा आठ मिनिटांचा अवकाश हीच परिसराची खरी पुंजी होय. एवढ्या वेळात दारे-खिडक्या लावता येतात, फटींत ओली फडकी बसविता येतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना व मुलांना आत घेता येते. परंतु गळतीची बातमी आधी पाळी-प्रमुखाकडे, मग व्यवस्थापकाकडे, तेथून दूरध्वनीने पोलीस ठाण्याकडे आणि शेवटी गावाकडे अशा साखळीने गेली, तर ही पुंजी पहिल्या दोन कड्यांतच खर्च होते. यासाठी भोंगा वाजविण्याचा अधिकार त्या वेळी प्रत्यक्ष पाळीवर असणाऱ्या माणसाकडे असणे आवश्यक ठरते. वरिष्ठांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागणारी यंत्रणा कागदावर कितीही उत्तम असली तरी ती प्रसंगी उपयोगी पडत नाही.

यंत्रणेचे तीन घटक

औद्योगिक सूचना-यंत्रणेचे स्थूलमानाने तीन घटक असतात. पहिला घटक धोका ओळखण्याचा. धूर, उष्णता वा वायू यांची जाणीव होणारी संवेदक उपकरणे आणि हाताने दाबावयाची लाल रंगाची बटणे यांचा यात समावेश होतो. दुसरा घटक नियंत्रण-फलकाचा. कोणत्या विभागातून सूचना आली हे तो दर्शवितो आणि पुढील आज्ञा देतो. तिसरा घटक सूचना लोकांपर्यंत पोहोचविण्याचा. भोंगा, घंटा, लुकलुकणारे दिवे आणि ध्वनिक्षेपक ही त्याची साधने होत.

भोंग्याचे शास्त्र साधे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने १८१९ साली छिद्रे असलेल्या फिरत्या चकतीतून हवा सोडून ध्वनी निर्माण करणारे उपकरण तयार केले आणि त्यास 'सायरन' हे नाव दिले. आजही विजेच्या मोटारीवर चालणारा भोंगा याच तत्त्वावर काम करतो. मोटार वेग घेत असता आवाज चढतो, वेग कमी होताच उतरतो. अलीकडे इलेक्ट्रॉनिक भोंगेही वापरात आले आहेत. त्यांतून निरनिराळे स्वर काढता येतात, बोललेला संदेश प्रसृत करता येतो आणि विद्युतघटावरही ते चालतात.

कारखान्यातील ध्वनिक्षेपण यंत्रणा लग्नमंडपातील यंत्रणेहून निराळी असते. मोठ्या कारखान्यात कर्णे शेकडो मीटर दूर असतात. साध्या पद्धतीने तारा टाकल्या तर बरीचशी शक्ती तारांतच वाया जाते. म्हणून संदेश १०० व्होल्ट दाबावर पाठविला जातो आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र बसवून तो उतरविला जातो. एकाच तारेवर सर्व कर्णे जोडले तर तार तुटताच सारा विभाग मुका होतो. यासाठी एकाआड एक कर्णे दोन स्वतंत्र तारांवर जोडण्याची पद्धत आहे. म्हणजे एक तार निकामी झाली तरी आवाज कमी होतो, पण अजिबात बंद पडत नाही. ज्वालाग्राही वायू असणाऱ्या विभागांत ठिणगीमुळे स्फोट होऊ नये म्हणून कर्णे व बटणेही ज्वालारोधक आवरणाची लागतात.

ऐकू जाणे आणि समजणे

ध्वनीची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनी सुमारे ६ डेसिबलने घटतो. समजा, एखाद्या भोंग्याचा आवाज ३० मीटरवर ११० डेसिबल आहे. तो ६० मीटरवर १०४, १२० मीटरवर ९८, २४० मीटरवर ९२, ४८० मीटरवर ८६ आणि सुमारे एक किलोमीटरवर ८० डेसिबल राहील. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात झाडी, इमारती, टेकडीचा उंचवटा आणि उलट दिशेचा वारा यांमुळे तो आणखी बराच कमी होतो. बंद घराच्या भिंती त्यातील मोठा भाग अडवितात. आत पंखा किंवा दूरचित्रवाणी चालू असेल तर उरलेला आवाजही त्यात बुडून जातो. म्हणून भोंग्याच्या पल्ल्याविषयी विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबून न राहता गावातील शेवटच्या घरात, दार लावून, रात्रीच्या वेळी तो ऐकू येतो किंवा नाही याची खात्री करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

कारखान्याच्या आत अडचण निराळी असते. धोक्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटाहून स्पष्टपणे वेगळा कळावा यासाठी तो साधारणपणे १५ डेसिबलने अधिक असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगाव येथील यंत्रमागाच्या शेडमध्ये मूळचाच गोंगाट शंभर डेसिबलच्या आसपास पोहोचू शकतो. तेथे त्याहून १५ डेसिबल अधिक आवाज करणे कानास अपायकारक ठरेल. अशा जागी आवाजाबरोबर लुकलुकणारा दिवा असलाच पाहिजे. कानांवर संरक्षक लावून काम करणारे आणि कमी ऐकू येणारे कामगार यांच्यासाठीही दिव्याचीच सूचना उपयोगी पडते.

केवळ आवाज पोहोचला म्हणजे काम झाले असे नव्हे. लोखंडी छपराच्या मोठ्या शेडमध्ये घोषणा ऐकू येते, परंतु प्रतिध्वनीमुळे शब्द कळत नाहीत. एकमेकांपासून दूर बसविलेल्या दोन मोठ्या कर्ण्यांतून एकच वाक्य निघाले तरी दूरच्या कर्ण्याचा आवाज मागाहून पोहोचतो आणि शब्दांवर शब्द चढतात. यावर उपाय म्हणजे थोडे व मोठे कर्णे लावण्याऐवजी पुष्कळ व लहान कर्णे जवळजवळ लावणे आणि प्रत्येकाचा आवाज मर्यादित ठेवणे. बोलण्याची सुबोधता मोजण्यासाठी शून्य ते एक अशी मोजपट्टी वापरतात. आपत्कालीन घोषणांसाठी ती किमान ०.५ असावी असा दंडक सामान्यतः पाळला जातो.

शब्दांचे महत्त्व दुसऱ्या कारणानेही आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या भुयारी रेल्वेस्थानकावर संशोधकांनी काही प्रयोग केले. नुसती घंटा वाजली तेव्हा प्रवासी बराच काळ जागच्या जागी रेंगाळले. काय घडले आहे व कोणीकडे जायचे हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले गेले तेव्हा ते लवकर बाहेर पडले. घंटा ऐकल्यावर माणूस प्रथम इतर काय करतात ते पाहतो. कोणीच हालत नसेल तर तोही हालत नाही. स्पष्ट शब्दांतील सूचना ही कोंडी फोडते.

घोषणा थोडक्यात, संथ आणि दोनदा करावी. तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात: काय झाले, कोठे झाले आणि काय करावे. औद्योगिक वसाहतींत निरनिराळ्या राज्यांतून आलेले कामगार असतात. म्हणून घोषणा मराठीप्रमाणेच हिंदीतही असणे आवश्यक आहे. प्रसंगी बोलणाऱ्याचा आवाज कापतो, शब्द अडखळतात. यासाठी काही संदेश आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचीही प्रथा आहे.

संकेतांची एकवाक्यता

भोंग्याच्या भाषेत शब्द थोडे असतात. म्हणून ते निश्चित असावे लागतात. चढ-उताराचा आवाज धोक्याचा आणि एकसारखा सरळ आवाज धोका टळल्याचा, ही पद्धत नागरी संरक्षण दलाच्या हवाई हल्ल्याच्या संकेतांमुळे १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात शहरवासीयांच्या परिचयाची झाली. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात नव्या पिढीनेही ती ऐकली. खनिज तेल उद्योगातील प्रचलित संकेतावलीनुसार मोठ्या आगीसाठी दोन मिनिटे चढ-उताराचा भोंगा वाजविला जातो. महासंकटासाठी हाच भोंगा एक-एक मिनिटाच्या अंतराने तीनदा वाजतो. धोका टळल्यावर दोन मिनिटे सरळ भोंगा वाजतो. साप्ताहिक चाचणीसाठीही सरळ भोंगाच वापरतात.

एकाच औद्योगिक वसाहतीत दहा कारखाने असतील आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे असतील, तर गावकऱ्यांनी कोणता अर्थ घ्यावा? जेवणाच्या सुटीसाठी आणि आगीसाठी एकच भोंगा वापरला जात असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. वसाहतीतील सर्व कारखान्यांनी एकत्र बसून एकच संकेतावली ठरविणे आणि ती मराठीत छापून घरोघरी देणे यास फार खर्च येत नाही. परस्परांच्या मदतीसाठी कारखान्यांनी स्थापन केलेले 'मार्ग' या नावाचे गट महाराष्ट्राच्या अनेक औद्योगिक पट्ट्यांत आहेत. त्यांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे.

खोट्या सूचनांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. संवेदकावर धूळ बसली, कोळ्याने जाळे केले तरी सूचना वाजते. वारंवार असे घडले की 'लांडगा आला रे आला' या गोष्टीप्रमाणे लोकांचा विश्वास उडतो आणि कोणीतरी कंटाळून यंत्रणाच बंद करून ठेवतो. यावर खरा उपाय संवेदकाची नियमित सफाई व दुरुस्ती हा आहे. भोंगा तोडून ठेवणे हा उपाय नव्हे.

सूचनांचा पूर

भोंग्याआधीची सूचना नियंत्रण कक्षात मिळते. तापमान वाढले, दाब चढला, टाकी भरत आली की तेथील फलकावर दिवा लागतो व ध्वनी होतो. या सूचना थोड्या असतील तोपर्यंत कामगारास त्या उपयोगी पडतात. परंतु संगणकामुळे नवी सूचना जोडणे सोपे झाले आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला त्या वेळी पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक सूचना वाजू लागल्या होत्या. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन कामगारांपुढे २७५ सूचना आल्या होत्या. त्यांतून महत्त्वाची कोणती हे निवडणे कोणासही अशक्य होते.

या अनुभवावरून सूचनांची प्रतवारी करण्याची पद्धत आली. ज्या सूचनेवर कामगाराने काही कृती करावयाची नाही ती सूचना फलकावरून काढून टाकावी, असा तिचा मूळ नियम आहे. सर्वसाधारण स्थितीत एका माणसापुढे दहा मिनिटांत सरासरी एकाहून अधिक सूचना येऊ नये, हे प्रमाण आज जगभर आदर्श मानले जाते.

यंत्रणाच बंद पडली तर

६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-फलाटावर स्फोट झाला आणि १६७ जण मृत्युमुखी पडले. पहिल्या स्फोटातच नियंत्रण कक्ष निकामी झाला आणि ध्वनिक्षेपकावरून कोणतीही घोषणा झाली नाही. निवासाच्या भागात जमलेले अनेक कामगार सूचनेची वाट पाहत तेथेच थांबले आणि धुराने गुदमरून मरण पावले. ज्यांनी आज्ञेची वाट न पाहता समुद्राकडे वाट काढली त्यांतील अनेकजण वाचले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीने १९९० साली दिलेल्या अहवालानंतर समुद्रातील तेल-उद्योगाच्या सुरक्षिततेची सर्व व्यवस्थाच बदलण्यात आली.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की सूचना-यंत्रणेचे केंद्र धोक्याच्या जागेपासून दूर असावे, तिला स्वतंत्र विद्युतघट असावा आणि दुसऱ्या ठिकाणाहूनही ती चालविता यावी. दुसरी ही, की यंत्रणा मुकी झाली तर काय करायचे, हेही कामगारांना शिकवून ठेवले पाहिजे.

यंत्रणा सुस्थितीत असूनही वापरली गेली नाही, असेही घडते. ७ मे २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम या गावालगतच्या प्लास्टिक कारखान्यातील टाकीतून स्टायरिनची वाफ बाहेर पडली आणि १२ जण मरण पावले. आंध्र प्रदेश शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीस असे आढळले, की कारखान्यात भोंगा सुरू करण्याची सोय ३६ ठिकाणी होती. त्यांपैकी एक प्रवेशद्वारापाशीच होते. तथापि भोंगा वाजविला गेला नाही. भोपाळनंतर छत्तीस वर्षांनी झोपलेल्या गावाला पुन्हा वासावरूनच धोका कळला.

कायद्यातील तरतुदी

भोपाळनंतर या विषयास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. कारखान्यातील धोके व त्यांवरील उपाय यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या रहिवाशांना देणे भोगवटादारावर बंधनकारक करण्यात आले. धोका दिसताच व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्कही मान्य झाला. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या तत्त्वांना स्थान देण्यात आले आहे.

धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी दोन आराखडे आवश्यक ठरविले. कारखान्याच्या आतील आपत्तीचा आराखडा भोगवटादाराने करावयाचा असून त्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावयाची असते. कारखान्याबाहेरील परिसराचा आराखडा शासकीय प्राधिकाऱ्याने करावयाचा असून त्याची तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी लागते. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट निर्माण केले. स्थानिक गटात कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस अधिकारी, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर सरपंच वा गावाचा प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. म्हणजेच भोंग्याविषयी प्रश्न विचारण्याचा गावाचा अधिकार नियमानेच मान्य केला आहे. महाराष्ट्रात या सर्व कामावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय देखरेख ठेवते.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

आपल्या गावाजवळ रासायनिक कारखाना नाही म्हणून हा विषय आपला नव्हे, असे समजणे योग्य होणार नाही. पाणीपुरवठा केंद्रावर क्लोरीनची नळकांडी असतात. बर्फाचे कारखाने, शीतगृहे, दूध-शीतकरण केंद्रे यांत अमोनिया वापरला जातो. क्लोरीन हवेहून सुमारे अडीचपट जड असल्याने तो सखल भागात साचतो. तेथे वरच्या मजल्यावर वा उंचावर जाणे हिताचे ठरते. अमोनिया हवेहून हलका असला तरी गळतीच्या प्रारंभी थंड धुक्याच्या रूपात जमिनीलगत पसरू शकतो. कोणत्या वायूसाठी कोणती कृती, हे आधीच जाणून घेतले पाहिजे.

सर्वसाधारणपणे पाळावयाचे नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील. धोक्याचा भोंगा ऐकताच बघण्यासाठी कारखान्याकडे जाऊ नये. घरात जाऊन दारे-खिडक्या लावाव्यात, पंखे व कूलर बंद करावेत, फटींत ओले फडके बसवावे आणि पुढील घोषणेची वाट पाहावी. वायू ज्वालाग्राही असू शकतो म्हणून चूल, विडी, काडी पेटवू नये. बाहेर पडणे भागच असेल तर नाकातोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे चालावे. वाऱ्याबरोबर धावू नये. वाऱ्याची दिशा दाखविणारा कापडी नळा उंच जागी लावला असेल तर ती लगेच कळते. तो नसेल तेथे झाडांची पाने वा धूर पाहावा.

ग्रामपंचायतीने पुढील गोष्टी पाहाव्यात. परिसरातील कारखान्यांकडून साठविलेल्या रसायनांची व संकेतांची माहिती लेखी मागवावी. भोंगा गावाच्या कोणत्या भागात ऐकू येत नाही याची नोंद करावी. तेथे मंदिर, मशीद किंवा समाजमंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याची जबाबदारी ठराविक व्यक्तींकडे सोपवावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी असली तरी सार्वजनिक आपत्तीच्या प्रसंगी ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये तो वापरता येतो. गरज पडल्यास दवंडीची जुनी पद्धतही टाकाऊ नाही. मोबाईलवर एकाच वेळी इशारा पाठविण्याच्या केंद्र शासनाच्या यंत्रणेच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर घेण्यात आल्या. तथापि ज्याच्या हाती मोबाईल नाही, अशा शेतमजुराला व आजीला भोंग्याचाच आधार असतो.

शाळेचे कार्य याहूनही मोलाचे आहे. वर्षातून दोनदा मुलांकडून सराव करून घेतला, संकेतांचा तक्ता वर्गात लावला आणि मुलांनी तो घरी समजावून सांगितला, तर कोणत्याही पत्रकाने होणार नाही एवढा प्रसार होतो. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आणि शाळा यांनी त्या सप्ताहात एकत्र कार्यक्रम घेणे सर्वांच्या हिताचे होईल.

रंगीत तालमीचा अहवाल लिहिताना भोंगा वाजला एवढीच नोंद पुरेशी नसते. तो किती वाजता वाजला, शेवटच्या घरात किती मिनिटांनी कळला, किती जणांना त्याचा अर्थ ठाऊक होता आणि कोण चुकीच्या दिशेने गेले, या चार गोष्टी लिहिल्या गेल्या तरच पुढील तालीम पहिलीहून चांगली होते.

समारोप

औद्योगिक विकासाबरोबर धोकेही येतात. ते पूर्णपणे टाळता येत नसले तरी त्यांची पूर्वसूचना देणे मानवाच्या हाती आहे. चांगला भोंगा, स्पष्ट घोषणा, सुस्थितीतील विद्युतघट आणि ठरलेले संकेत यांस येणारा खर्च कारखान्याच्या एकूण गुंतवणुकीच्या मानाने नगण्य असतो. लोकांना माहिती दिली तर ते घाबरतील, ही समजूत भोपाळने खोटी ठरविली. त्या रात्री माणसे बळी पडली ती अज्ञानामुळे. कारखाना, शासन आणि गाव या तिघांनी मिळून भोंग्याचा अर्थ ठरविला आणि तो लहानथोर सर्वांस शिकविला, तर गिरणीच्या भोंग्यासारखाच धोक्याचा भोंगाही घरोघरी ओळखीचा होईल. तशी ओळख पटलेल्या गावालाच त्या आठ मिनिटांचा खरा उपयोग करून घेता येईल.